नायबचा उजवा कान

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नायबने आज पोळी तोंडात घेतली आणि सोडून दिली. असं कधी झालं नव्हतं. अभ्यासिकेतल्या सगळ्यांचं उरलंसुरलं आधी त्याच्यापुढे जातं. प्रत्येक फाईल नायब तहसीलदाराच्या टेबलावरूनच पुढे सरकते, म्हणून तर कोणीतरी हे नाव ठेवलं. आज माझ्या खोलीतल्या चैतालीने भाजीत बुडवून दिली तरी नाही. तोंड उघडताना कण्हला.

आणि डोकं झटकणं. सारखं. त्याचे कान गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांसारखे उभे नाहीत, लोंबते आहेत. ते गालांवर आपटले की फटफट आवाज होतो. वर वाचत बसले होते तरी ऐकू येत होता. मागच्या पायाने उजवा कान खाजवतो आणि खाजवता खाजवता ओरडतो – म्हणजे खाजही आहे आणि दुखतंही आहे.

जवळ गेले तर वास आला. ओल्या, आंबलेल्या फडक्यासारखा.

अर्थशास्त्र झालं नाही. उद्या दोन प्रकरणं करायची.

८ नोव्हेंबर, शनिवार

कान उलटून बघितला. आतून लालभडक, सुजलेला, काळपट पिवळी घाण. डावा कान नेहमीसारखा आहे – फिकट गुलाबी, कोरडा. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्यावर एवढा फरक कळला.

आमचे कान दुखायचे तेव्हा आई तेलात लसूण तडतडवून कोमट तेल घालायची. खाली कुसुमकाकूंकडून तेल आणि लसूण मागून आणला. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण, निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्याच राहतात. म्हणाल्या, "कुत्र्यासाठी फोडणी? बरं." चैतालीने त्याला धरलं, मी चार थेंब घातले. तो इतक्या जोरात किंचाळला की चैतालीने सोडूनच दिलं. पळाला. रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

काहीतरी चुकलं का?

९ नोव्हेंबर, रविवार

जास्तच झटकतोय. मान उजवीकडे वाकडी. कोणीतरी काही विचारलंय आणि तो विचार करतोय, अशी.

अभ्यास नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिग्विजयवर धावून गेला.

दिग्विजय आमच्या अभ्यासिकेतला, सांगलीकडचा. नायबच्या डोक्यावर थाप मारल्याशिवाय जिना चढत नाही. आज सवयीने थाप मारली आणि नायबने वळून दात लावले. शर्टाची बाही फाटली, कातडीला लागलं नाही. तीन वर्षांत हा कुत्रा कुणावर गुरगुरलेला नाही. दिग्विजय पांढराफटक पडला होता. मी म्हटलं त्याचा कान दुखतोय, हात कानाला लागला असेल. तो म्हणाला, कानाने कुत्रा असा वागत नाही. मग म्हणाला, "त्याच्यापासून लांब राहा."

त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला म्हणून खाली गेले. नायब रस्त्याच्या मध्ये गोल गोल फिरत होता. उजवीकडे वळायचा, वळतच राहायचा, मग तोल जाऊन पडायचा. उठायचा, पुन्हा तेच. उजवा ओठ खाली लोंबला होता आणि त्यातून लाळ गळत होती. स्कूटरवाले थांबले होते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने हातात बांबू घेतला होता. "पिसाळलंय" हा शब्द एकाने उच्चारला आणि मग सगळेच तो बोलायला लागले. आयांनी पोरांना आत ओढलं.

मी ओढणी त्याच्यावर टाकून त्याला उचलायला गेले. का गेले? कोणी ढकललं नव्हतं. बांबू बघितला आणि पाय निघाले. ओढणीखाली हात नेमका कानाच्या मुळाशी लागला असणार. त्याने अंगठ्याखाली कडकडून चावा घेतला.

मी हात मागे घेतला. तो धडपडत भिंतीला घासत घासत काकूंच्या उघड्या गॅरेजमध्ये शिरला – तिथे आता गाडी नाही, जुनं सामान आहे. काकू दारातच उभ्या होत्या. पुढे आल्या आणि शटर खाली ओढलं. झेरॉक्सवाला म्हणाला, आजी, त्याला बाहेर काढा, कुत्री पकडणारी गाडी बोलावतो. काकू म्हणाल्या, "गॅरेज माझं आहे. आत कोण राहणार ते मी ठरवते." मग माझ्याकडे वळल्या. "तू आधी हात धू. साबण लावून. रडायचं ते नळाखाली रड."

पाणी लाल, मग गुलाबी, मग साधं. काकू शेजारी उभ्या, नळ बंद करू देईनात.

चैताली मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. दंडात एक इंजेक्शन, आणि जखमेच्या आजूबाजूला औषध टोचलं – ते फार दुखलं. आणखी डोस आहेत, एकही चुकवायचा नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुत्रं कुठलं, कुठे आहे? त्याला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा, म्हणाल्या. दहा दिवस धडधाकट राहिलं तर ते पिसाळलेलं नव्हतं. मेलं किंवा हरवलं तर आम्हाला कळवा.

येताना रिक्षात चैताली म्हणाली, "काहून गेली तू? आपल्याला काय कमी आहे का टेन्शन?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वाशीमची आहे, सहसा रडत नाही.

घरून अप्पांचा फोन येऊन गेला. उचलला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काकूंनी आपटे डॉक्टरांना बोलावलं. पूर्वी त्यांच्या मांजरीला तेच बघायचे. उंच, सावकाश बोलणारे. आल्या आल्या शटर अर्धं वर केलं, बाहेरच बसले आणि टॉर्च लावून नुसते बघत राहिले. काही करेनात. मला वाटलं घाबरले.

मग मला शेजारी बसवलं. बघा, म्हणाले. मान कुठल्या बाजूला? उजव्या. फिरतो कुठल्या बाजूला? उजव्या. ओठ कुठला लोंबलाय? उजवा. डोळ्यांकडे बघा. नायब निश्चल बसला होता, पण त्याची बुबुळं हलत होती. एका बाजूला हळू सरकायची आणि झटक्यात परत यायची. सारखी. मला बघूनच गरगरलं.

"त्याला आत्ता जमीन फिरताना दिसते आहे," डॉक्टर म्हणाले.

कानाचा जंतुसंसर्ग बाहेरून सुरू होतो, दुर्लक्ष झालं की पडद्यापलीकडे जातो. तिथे तोल सांभाळणारा भाग आहे, चेहऱ्याची नसही तिथूनच जाते. म्हणून तोल गेला, ओठ लोंबला, लाळ गळते. जबडा कानाला लागून आहे म्हणून खाताना दुखतं. सगळं एका कानात बसतंय, म्हणाले.

मी सुटकेचा श्वास घेतला तर त्यांनी हात वर केला. "बसतंय म्हणालो. तेच आहे असं म्हणालो नाही. रेबीज कशाचीही नक्कल करतो. दोन शक्यता आहेत. एकीवर माझ्याकडे औषध आहे, दुसरीवर कुणाकडेच नाही. कान असेल तर औषधाला वळेल. ते दुसरं असेल तर रोज थोडा थोडा खाली जाईल. तोच सांगेल."

जाड हातमोजे आणि काठीला लावलेला फास घेऊन आत गेले, दोन इंजेक्शनं दिली – एक दुखण्यावर, एक जंतूंवर. रोज येईन म्हणाले. आम्ही कोणी हात लावायचा नाही. अन्नपाणी शटरखालून सरकवायचं.

लसणाचं तेल घातल्याचं मी सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काकूंनी शटरवर कागद चिकटवला – "आत आजारी कुत्रा आहे. बाहेर निरोगी माणसांनी गर्दी करू नये."

गर्दी तरीही आहे. झेरॉक्सवाला रोज विचारतो, मेलं का?

संध्याकाळी जिन्यात दिग्विजय भेटला. माझ्या पट्टीकडे बघून खाली बसला, पायरीवरच. मला वाटलं आता म्हणेल, सांगितलं होतं. तसं काही बोलला नाही. त्याच्या चुलतभावाबद्दल बोलला. मळ्यातल्या कुत्र्याने ओरखडलं होतं, घरच्यांनी हळद लावली. काही आठवड्यांनी तो ओटीवर पडून पाणी मागायचा. "तांब्या पुढे केला की घसा असा आवळायचा… आणि परत मागायचा. मी धरला होता तांब्या. मी नववीत होतो."

मी म्हटलं, मी इंजेक्शन घेतलंय. तो म्हणाला हो, घेतलंस ते बरं केलंस. उठताना विचारलं, "पाणी पितोय का तो?"

मला माहीत नव्हतं. जाऊन बघितलं. भांडं भरलेलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं इंजेक्शन घेतलं. अंगठ्याला मुंग्या येतात. टोचल्यामुळे असेल. पट्टी घट्ट असेल.

उगाच पाणी पिऊन बघते. घोट नीट जातोय का. आत्ता परत प्यायले. गेला.

खरं लिहायचं तर – मला तो जगायला हवाय, ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी? त्याच्याकडे बघायला जाते तेव्हा तो कसा आहे हे बघत नाही. मी कशी आहे हे बघते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी शटरच्या फटीतून बघत बसले होते. नायब उठला. वाकड्या मानेने पाण्याच्या भांड्याकडे आला. तोंड खाली नेलं – आणि एकदम मागे झाला. धडपडला. भिंतीशी जाऊन थरथरत उभा राहिला. पुन्हा आला. पुन्हा पाण्याजवळ तोंड नेलं आणि मागे.

डोळ्यांसमोर तो तांब्या. मी न पाहिलेला तांब्या.

काकू आल्या, मी नुसतं भांड्याकडे बोट दाखवलं. त्यांनीच डॉक्टरांना फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी कसंबसं सांगितलं – पाण्याला घाबरतोय. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "पाण्याला घाबरतोय, की पाण्यापर्यंत पोचता येत नाही?"

मला प्रश्नच कळला नाही.

पाण्याचं भय माणसाला वाटतं, म्हणाले. कुत्र्यात तसं नसतं, त्याचा घसाच चालेनासा होतो. हा कसा मागे होतो ते नीट बघा. डोकं खाली नेल्यावर होतो ना? खाली वाकलं की त्याचं जग उलटंपालटं होतं. भांडं विटांवर चढवा. आणि त्याच्या उजव्या अंगाला भिंत येईल असं ठेवा, तो त्या बाजूला पडतो.

काकू मागच्या अंगणातून विटा काढू लागल्या. सत्तरीच्या बाई, मी नको नको म्हणत होते. विटा रचल्या, काठीने भांडं सरकवून भिंतीशी नेलं, शटर खाली. आम्ही दोघी फरशीवर बसून फटीतून बघत होतो. वेळ जाता जाईना.

नायब आला. उजवं अंग भिंतीला टेकवलं. मान खाली करावी लागली नाही. जीभ बाहेर काढली.

प्यायला. लपलप आवाज करत प्यायला. अर्धं सांडत होतं लोंबत्या ओठातून, पण प्यायला. थांबला, श्वास घेतला, परत प्यायला.

काकूंनी पदराने चष्मा पुसला. म्हणाल्या, "धूळ फार आहे या गॅरेजमध्ये. कधी झाडलं नाही."

मी वर जाऊन दिग्विजयला सांगितलं. एवढंच – पितोय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बुबुळं कमी हलतात. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे. मी विचारलं, म्हणजे नक्की? ते म्हणाले, चांगलं आहे.

औषधाच्या गोळ्या सुरू. उकडलेल्या अंड्यात घालून द्यायच्या. काकूंच्या घरात अंडं! मी चोरून आणलं होतं, त्यांनी पाहिलंच. म्हणाल्या, गॅरेज कधी सोवळ्यात नव्हतं. आणि उकडायला स्वतःचं पातेलं दिलं, वर म्हणाल्या आता ते पातेलं तुझं.

अंडं खाल्लं. हळू, डाव्या जबड्याने. पण खाल्लं.

अप्पांचा फोन. "काय करायलीस?" अभ्यास, म्हटलं. "होऊ दे, होऊ दे," म्हणाले. "टेन्शन नको घेऊ." मागे शिलाई मशीनचा आवाज चालू होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, पोरगी पुण्याला राज्यसेवेची तयारी करते. चार वर्षं तेच सांगतायत.

हाताचं सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कान साफ केला. डॉक्टर म्हणाले आता थांबायला नको, आत पू साठलाय. फासाने धरून तोंडाला जाळी बांधली, गुंगी दिली आणि क्लिनिकमध्ये नेलं. त्यांच्या मदतनीस आल्या नव्हत्या. म्हणाले, तुमचं लसीकरण चालू आहे, हातमोजे घाला, डोकं धराल का? धरलं.

पहिल्यांदाच त्याला नीट हात लावला, चावल्यानंतर. जड, गरम डोकं. झोपेत पाय हलवत होता.

कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते. म्हणून काडीला कापूस लावून साफ करू नये – घाण त्या वळणावर जाऊन ठासली जाते. त्यांनी कोमट सलाईनने धुतलं, परत परत. किती निघालं! वासाने मला मळमळलं, पण हात हलवला नाही. मग आत दुर्बिणीसारखी नळी घालून पाहिलं आणि मला म्हणाले, बघा. पडदा असायला हवा तिथे पडदा नव्हता. कडेला नुसती चिंधी.

तेव्हा तोंडातून निघून गेलं. मी तेल घातलं होतं. लसणाचं, गरम.

डॉक्टर धूत राहिले. मग म्हणाले, पडदा तुमच्या तेलाने फाटला नाही, ही घाण जुनी आहे, तो आधीच गेला असणार. पण तेल थेट आत गेलं. म्हणून तो किंचाळला. "कानात काय आहे ते बघितल्याशिवाय काहीही घालायचं नाही. तेल नाही, पेरॉक्साईड नाही, दुकानातले थेंबसुद्धा नाहीत. पडदा फाटला असेल तर काही थेंबांनी कायमचा बहिरा होतो."

वास, डोकं झटकणं, खाजवताना ओरडणं, एका बाजूला मान – यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी आणायचं, म्हणाले. मला सगळंच दिसलं होतं. एकेक करून, रोज. मी अर्थशास्त्राची दोन प्रकरणं करायची ठरवत होते.

घाणीचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. बारीक काड्यांसारखे जंतू, खच्चून. हेच ते, म्हणाले. यांच्यावर कुठलं औषध चालतं ते तपासायला पाठवतो. पडद्याला चालणारे थेंब दिले, दिवसातून दोनदा. गोळ्या बरेच आठवडे. मध्ये सोडायच्या नाहीत, बरा वाटला तरी.

निघताना त्यांनी विचारलं, थेंब कोण घालणार? तो शुद्धीवर असताना?

मी म्हटलं, दहा दिवस होऊ द्या. मग मी. तोवर डॉक्टरच घालतील, रोज येऊन.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दहा दिवस झाले. नायब जिवंत आहे. अंडं खाल्लं, पाणी प्यायला, झेरॉक्सवाल्यावर भुंकला.

डॉक्टर शटर पूर्ण वर करून आत गेले, हातमोज्यांशिवाय त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कान."

एवढंच. एक शब्द. मी जिन्यात बसून रडले. तांब्यातल्या पाण्याची भीती, मुंग्या, सगळं गेलं. इंजेक्शनं तरी पूर्ण करायची आहेत, करणार.

दिग्विजय आला होता. दारात उभा राहिला, आत येईना. नायबने त्याच्याकडे तिरक्या मानेने बघितलं, शेपूट हलवलं आणि तोल जाऊन बुडावर बसला. दिग्विजय हसायला लागला आणि हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला. मी त्याला एकटं सोडलं. बऱ्याच वेळाने खाली डोकावले तर तो नायबच्या डाव्या बाजूला बसला होता. डोक्यावर थाप नाही. हात पाठीवर.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिल्यांदा मी थेंब घातले. पहिला थेंब त्याच्या नाकावर पडला. जाळी बांधली होती, तरी भीती वाटली. डाव्या बाजूने गेले, बोलत बोलत. आधी नुसता कान धरला, सोडला. अंड्याचा तुकडा. परत धरला. बाटली मुठीत धरून कोमट केली होती. थेंब आत गेल्यावर कानाच्या मुळाशी हळू चोळायचं, आत पचपच आवाज येईपर्यंत. तो गुरगुरला. मी थांबले. मग त्याने स्वतःच डोकं माझ्या गुडघ्यावर टाकलं – दुखत होतं तरी. की दमला होता म्हणून? माहीत नाही.

डॉक्टर म्हणतात मान थोडी वाकडीच राहील. उजव्या कानाने बहुतेक ऐकू येणार नाही. त्या बाजूने टाळी वाजवून बघितलं. वळला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत या आठवड्यात संपते. चैतालीने भरला. माझा लॅपटॉप उघडून ठेवून गेली.

एक गोष्ट लिहायची राहिलीय. मुद्दामच टाळत होते. अंगठ्याला मुंग्या येत होत्या त्या दिवसांत मी खरंच धरून चालले होते की मी मरणार. आई डोळ्यांसमोर आली. अप्पा आले. आमच्या सेलूच्या घराची मागची पायरी आली. परीक्षा एकदाही आली नाही. आणि एका क्षणी वाटलं – चला, आता फॉर्म भरायला नको.

हे वाक्य लिहून किती वेळ बघत बसलेय.

मरणाच्या भीतीत एवढीच एक गोष्ट हलकी वाटली होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आणखी एक इंजेक्शन झालं.

फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, पत्ता. फोटो चढवायच्या जागी थांबले. बंद केला. गॅरेजमध्ये जाऊन बसले. काकू आल्या, खुर्ची ओढली, वर्तमानपत्र वाचत बसल्या. बऱ्याच वेळाने वर न बघता म्हणाल्या, "मी सदतीस वर्षं मुलांना सांगत आले, प्रश्न नीट वाच, मग उत्तर लिही. प्रश्नच आपला नसेल तर काय करायचं, ते नाही सांगितलं कुणाला."

पान उलटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मुदत काल संपली. भरला नाही. चैतालीला सांगितलं. ती चिडली, मग म्हणाली, "घरी काय सांगशील?" कुत्रा चावला तेव्हापेक्षा जास्त घाबरलेय.

तपासणीचा निकाल आला – चालू आहे तेच औषध बरोबर. कान आता वास मारत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

अप्पांना फोन केला. कुत्रा चावल्याचं सांगितलं, इंजेक्शनांचं सांगितलं, आणि त्याच श्वासात सांगून टाकलं, की अप्पा, मी परीक्षा सोडली. मशीनचा आवाज थांबला. मग म्हणाले, "मग आता काय करायलीस?" म्हटलं, कुत्र्याच्या कानात औषध घालायची वेळ झालीय. "घाल मग," म्हणाले. "नीट घाल. मी थांबतो फोनवर."

फोन तसाच चालू ठेवून फरशीवर ठेवला, आणि कान हातात घेतला.